लाल खांब आणि बावीस फरश्या

"आठ, नऊ... अरेच्चा! खांब आलासुद्धा?"

दिव्याच्या जुन्या बुरुजाच्या दारापासून समुद्राच्या कड्यावरच्या लाल खांबापर्यंत कोलांट्या मारत जायचं, हा खडूचा सुट्टीतला पहिला उद्योग. खिशात कायम खडूचे तुकडे, म्हणून हे नाव! गेल्या वर्षी बारा कोलांट्या लागल्या होत्या.

"उंटीण झालीयस, दुसरं काय!" दादा खिदळला.

"तीन कोलांट्यांइतकी?" खडूने दारापासून खांबापर्यंतच्या फरश्याच मोजल्या. फरश्या काही वाढत नाहीत! भरल्या बावीस.

तिला एकदम काहीतरी आठवलं. दादाला आणि बोक्या नावाच्या शेजारच्या पोराला ओढत ती मामाच्या चौकीत शिरली. मामा बुरुजाचा रखवालदार. त्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा फोटो भिंतीवर होता: मामा, लाल खांब आणि मागे बुरुजापर्यंत फरश्या. बोक्याने काचेला नाक लावून फरश्या मोजल्या.

"एकेचाळीस!"

"मामा, आपला खांब चालतो का रे?" खडूने विचारलं.

"चालतो कसला, मीच हलवतो!" मामा ऐटीत म्हणाला. "खांब कड्यापासून पाच पावलांवर हवा, पाहुणे पडायला नकोत. कडा ढासळला की खांब उपटायचा, मागे रोवायचा. एकदाही चुकलो नाही!"

"आणि दर वर्षी तपासणीला येणारे इंजिनिअरसाहेब कड्याचं अंतर कुठून मोजतात?"

"खांबापासू..." मामाच्या हातातला झाडू तिथेच थांबला.

"म्हणजे दर वर्षी पाचच पावलं भरणार!" दादा ओरडला.

बाहेर साहेब टेप गुंडाळत होते. "कडा जागेवर आहे. दगडी बांध घालायच्या जागांच्या यादीतून बुरूज कमी करतो," म्हणत त्यांनी पेन काढलंही.

"थांबा!" खडू धापा टाकत पोचली. "कडा नाही, खांब सरकतोय!"

"बाळ, कागदपत्रं पोरखेळ नसतात."

"तिचं खरंय साहेब," मागून फोटो घेऊन मामा आला. त्याची मान खाली होती, पण आवाज ठाम होता. "खांब मीच हलवत आलोय. माझ्या पणजोबांनी या बुरुजात दिवा लावला. तो माझ्यामुळे समुद्रात जायला नको."

खडूने तोवर फरश्यांवर आकडे टाकले होते. साहेबांनी फोटो पाहिला, आकडे पाहिले आणि पेन खिशात ठेवलं.

"मी इतकी वर्षं खांबच मोजला म्हणायचा!" ते ओशाळून हसले आणि टेपचं टोक त्यांनी खडूच्या हातात दिलं. "धर दाराशी. बुरूज हलत नाही, आता तिथूनच मोजू. पोरांनो, शाबास! तुम्ही बुरूज वाचवलात!"

मामाने खडूच्या डोक्यावर हात ठेवला. "यापुढे खांब हलवायचा झाला, तर आधी तुला विचारीन."

पुढच्या सुट्टीत कड्याखाली काळ्या दगडांचा भक्कम बांध उभा होता. खडूने कोलांटीबिलांटी न मारता आधी फरश्या मोजल्या आणि दोन्ही हात उंचावून ओरडली, "मामा, बावीसच!"