क्लॅपमागचा आवाज

"आत येऊ का?"

दारातून एवढंच ऐकलं आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. हा आवाज मी महिनाभर रोज ऐकत होते... माणूस मात्र आज पहिल्यांदा दिसत होता!

शूटिंग संपलं की आमचं काम सुरू होतं. शॉट कापायचे, जोडायचे, मग आवाज, संगीत, रंग — या सगळ्याला मिळून पोस्ट-प्रॉडक्शन म्हणतात. आईला ते अजून पटलेलं नाही. "सिनेमा काढून झाला ना? मग दिवसभर तिथे बसून तू काय निवडतेस?" तर, प्रत्येक शॉटच्या आधी क्लॅपची पाटी धरलेला एक हात यायचा आणि हा आवाज सीनचा नंबर सांगायचा. माझं काम काय, तर नेमकं तेवढंच कापून टाकायचं.

"शेवटची हार्ड डिस्क द्यायला आलो होतो," तो म्हणाला.

"सर्दी गेली का?" मी विचारून बसले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दवाखान्याचे सगळे सीन चोंदलेल्या नाकाने बोललायत तुम्ही!"

तो इतका लाजला, की मला एकदम आवडूनच गेला.

मग तो रोज यायला लागला. कारणं त्याची, चहा माझा. बघता बघता 'तुम्ही'चं 'तू' झालं... आणि तेवढ्यात कळलं, सोमवारी तो पुढच्या शूटिंगला निघतोय. दूर, बऱ्याच महिन्यांसाठी. माझं तोंड काही उघडेना.

शनिवारी दिग्दर्शक पहिली जोडणी बघायला आले. तोही मागे बसला होता. पडद्यावर नायिका रडून शांत झाली, आणि त्या शांततेत त्याचा आवाज आला, हळू, काळजीचा — "पाणी आणू का, मॅडम?"

मेले! तो तुकडा मी माझ्यासाठी ठेवला होता.

"हे कापायचं राहिलं वाटतं," दिग्दर्शक म्हणाले.

नुसतं हो म्हटलं असतं, तरी निभावलं असतं.

"राहिलं नाही, सर... कापवलं नाही." मी मागे वळून त्याच्याकडे बोट केलं. "मला हा माणूस फार आवडतो."

दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला आणि "मी जरा बाहेर आहे," म्हणत उठले.

मी मान खाली घालून बसले. तो शेजारच्या खुर्चीवर आला.

"सोमवारी जावं तर लागणार," तो म्हणाला. "पण रोज फोन करीन. चालेल?"

"आणि एखाद्या दिवशी विसरलास तर?"

"तर... हवं तेवढं रागाव. पण वाट बघशील ना?"

"बघेन रे," मी म्हणाले, आणि मान वर करून त्याला आधी पोटभर बघून घेतलं.