पालखीतली रिकामी जागा

ओंकार नगरहून पाथर्डीच्या एसटीत बसला तो एक कागद आणायला. काम एवढंच. मांडीवर नळकामाच्या पाइपाचा तुकडा, दोन्ही तोंडांना टोपण, आणि आत त्याचं स्वतःचं चित्र गुंडाळून ठेवलेलं. शेजारच्या धोतरवाल्या म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"पंपाचं काम करता व्हय?"

"भुतं काढतो," ओंकार म्हणाला.

"बरं झालं बघा. आमच्या मेव्हणीला दाखवायचंच हुतं कुनाला तरी."

"कागदावर काढतो, बाबा. पेन्सिलीनं."

म्हाताऱ्यानं आधी त्याच्याकडं, मग पाइपाकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि मागच्या शिटावर जाऊन बसला. ओंकारला त्याचं काही वाटलं नाही. मोठ्या माणसांनी उठून लांब बसायची त्याला सवय होती. डिप्लोमा सोडला तेव्हा बेलापूरला बापानं जेवताना ताट घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला सुरुवात केली, ती अजून चालू होती. 'भुतांवर पोट भरतं का' हा त्या घरातला रोजचा प्रश्न. देवाच्या नावावर निम्म्या गावाचं पोट भरतं ते चालतं, हे उत्तर ओंकारनं एकदा दिलं होतं. मग ताट हललं.

भुतं काढायला लागले ते तिघं नगरच्या कॉलेजात असताना. ओंकार, भिंगारची स्नेहल आणि गोरक्ष. ऊसतोडीच्या घरातला गोरक्ष होस्टेलवर सगळ्यात गरीब आणि पेन्सिलीवर सगळ्यात श्रीमंत. होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तो दाढीच्या ब्लेडनं पेन्सिलीला बोटभर लांब टोक काढायचा. शिशाची भुकटी वाया जाऊ द्यायची नाही. ती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जमायची. मग कापसाच्या बोळ्यानं ती भुकटी कागदावर फिरली की पांढऱ्यावर अंधार चढायचा. त्या अंधारातून शिळ्या पावाच्या चिमटीनं उजेड खोडून काढायचा. पाव उरला तर तोच चहात. स्नेहल म्हणायची, "आपण आज भूत खाल्लं." किती हसायचे ते तेव्हा. कशावरही.

गोरक्ष डावखुरा होता. डावखुऱ्याचा तळवा काढलेल्यावरून फिरला तर चित्र फासतं, म्हणून तो पान उजव्या कडेकडून सुरू करायचा आणि डावीकडं सरकत जायचा. त्याच्या छायेच्या रेघासुद्धा इतरांपेक्षा उलट झुकायच्या. लांबून, अर्धवट उजेडात, नाव झाकलं तरी ओळखू यायचं: हे गोरक्षचं.

आणि संध्याकाळी त्याच्या डाव्या तळव्याची कड शिशानं चकाकायची, मासळीच्या पोटासारखी.

पुस्तक करायचं त्याच गच्चीवर ठरलं. तिघांचं मिळून एकच चित्र, तीन पानांवर सलग. गोरक्षची आई, केशरबाई, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पोरांना झोपवायला वेताळाच्या पालखीची गोष्ट सांगायची. अवसेला शिवेवरून मशाली जातात, मधे पालखी, आणि पालखीत कोण बसलंय ते बघायचं नसतं. तीच काढायची. डावीकडचं पान स्नेहलचं, मशाली आणि पुढचे भोई. मधलं गोरक्षचं, पालखी. उजवीकडचं ओंकारचं, मागचे भोई आणि मिरवणुकीची शेपूट.

नियम एकच होता. शेजाऱ्यानं काय काढलंय ते पाहायचं नाही. फक्त कडेला आलेल्या रेघा पुढच्याला कळवायच्या, त्यानं तिथून पुढं न्यायचं. शेवटच्या पानाची कड बंद. तिथं अंधार भरायचा, म्हणजे पुस्तक संपलं.

"पालखीत कोण बसवणारेस?" स्नेहलनं विचारलं होतं.

"काढल्यावर कळंल की," गोरक्ष म्हणाला होता.

मग दसऱ्याला गोरक्षचा बाप, आसाराम, त्याला घ्यायला आला. ऊसतोडीच्या जोडीला माणूस कमी होता. कॉलेज राहिलं. नगरच्या स्टँडवर ओंकारनं मित्राच्या हातात कोरा जाड कागद दिला, डाव्या कडेला स्नेहलच्या पालखीदांडीच्या दोन रेघांच्या खुणा केलेला. आसारामनं तो कागद बघितला, पोराचा डावा हात बघितला आणि म्हणाला, "फडात उजव्यानं कोयता धरायचा. डाव्यानं धरला तर शेजारच्याची बोटं जात्यात." लहानपणापासून हेच ऐकवत, कधी हात बांधून, त्यानं पोराचा उजवा हात घडवला होता.

संक्रांतीच्या सुमाराला उसाच्या फडात गोरक्षला साप चावला. उजव्या हातात कोयता होता. डाव्यानं उसाचं बूड धरायला तो वाकला, तिथंच.

स्नेहल म्हणत होती, मधलं पान कोरंच छापू, खाली नाव टाकू. ओंकारला ते पटत नव्हतं. कोरं पान म्हणजे बापाचं जिंकणं. गोरक्षनं काही ना काही काढून ठेवलं असणार, निदान कच्चं, निदान एक कोपरा. गेल्या आठवड्यात त्यानं स्वतःचं पान संपवलं आणि आज निघाला. गोरक्षच्या हातची एक तरी रेघ पुस्तकात हवी. नाहीतर त्या पोरानं काही केलं होतं, याला साक्ष कोण?

गोरक्षचं घर वस्तीच्या टोकाला. पुढं पत्र्याची पडवी, दारात एक लिंब. टळटळीत दुपार. ओंकार पोचला तेव्हा आसारामतात्या भाकरी संपवून ताटातच हात धूत होते.

"कागद? जाळली समदी," ते म्हणाले. "बाराव्यालाच. भुताखेताची चित्रं घरात ठिवून काय झालं, बघितलं न्हवं?"

"चित्रांनी नाही चावलं त्याला, तात्या."

"मग?"

ओंकारच्या तोंडावर आलं होतं. उजव्या हातात कोयता दिला तुम्ही. पण केशरबाई मधे आली, त्याच्यापुढं पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पडा तुमी जरा." तात्या पडवीतल्या बाजेवर आडवे झाले. थोड्या वेळात घोरायला लागले. असल्या माणसांना झोप बरी लागते, ओंकारनं मनात म्हटलं.

केशरबाई समोर बसून राहिली. कान दिल्यासारखी बसली होती.

"काय ऐकताय, मावशी?"

"थांब जरा."

लिंबावरचा होला इतका वेळ घुमत होता. तो गप्प झाला. पत्रा तापून मधूनच तडकत होता, तोही थांबला. दुपार अशी काही आवळून आली की ओंकारला स्वतःचं गिळणं ऐकू आलं. आणि मग पडवीतून दुसरा आवाज आला. बारीक. कोरडा. खर्र… खर्र… मधे थांबून, परत खर्र.

तो आवाज ओंकारला पाठ होता. गच्चीवर, टाकीच्या सावलीत, त्यानं तो वर्षानुवर्षं ऐकला होता. मऊ शिसं जाड कागदावर.

"रोज…" केशरबाई कुजबुजली. "टोळी फडावरनं माघारी आली तवापासून. भीतीवर नखं वढायचे आदी. मग म्या…"

तिनं दाराच्या फटीकडं बोट केलं.

ओंकारनं पाहिलं. तात्या उताणे झोपले होते, तोंड उघडं, घोरणं संथ. उजवा हात छातीवर. डावा बाजेवरून खाली लोंबत होता आणि खाली पाटावर कागद होता. ओंकारनंच दिलेला. बोटांत पेन्सिलीचं थोटुक, बोटभर लांब टोकाचं. हात चालला होता. मनगट सैल, तळवा उचलून धरलेला, उजवीकडून डावीकडं. ज्या माणसानं जन्मात अंगठ्याशिवाय काही उठवलं नव्हतं त्याचा हात.

पडवीत शिशाचा वास होता. आणि शिळ्या पावाचा.

"टोक कोण करतं, मावशी?"

"म्या न्हाई करत, बाबा," केशरबाई म्हणाली. "म्या फकस्त कागुद ठिवते. पेटीत तळाला ऱ्हायला हुता त्यो. फडात भिजंल म्हनून इथंच ठिवून गेल्ता. म्या जाळू दिला न्हाई."

आवाज थांबला. बोटं उघडली, थोटुक पाटावर गळलं. बाहेर होला पुन्हा घुमायला लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं.

ओंकार आवाज न करता पुढं गेला, कागद उचलून उजेडात आणला. रेघा उलट झुकलेल्या. तीच ती अंधाराची लव, पावानं उचललेला तोच उजेड. पालखीचं मखर, फाटके गोंडे, खाली धुळीत उमटलेले पाय नसलेल्यांचे पाय. डावीकडं दांडी स्नेहलच्या खुणांवर बरोबर येऊन टेकली होती. भीती वाटायला हवी होती, पण आठवलं ते वेगळंच काहीतरी. गच्ची. टाकीची सावली. चहातला पाव.

मग त्यानं पाइपातून स्वतःचं पान काढलं आणि शेजारी लावलं.

त्याच्या पानाच्या डाव्या कडेला दांडीवर दोरीची गाठ होती, कडेनं अर्धी कापलेली. गेल्या आठवड्यात सहज सुचली म्हणून काढलेली, कुणालाही न दाखवलेली. तिचा उरलेला अर्धा भाग गोरक्षच्या पानावर होता. दोरीचा पीळसुद्धा जुळत होता.

"हा कोपरा कधी निघाला, मावशी?"

"उजवी कड व्हय? ती तर पैल्यांदाच. शिमग्याच्या आदी."

म्हणजे सहज सुचली नव्हती.

"अजून पुरं न्हाई झालं," केशरबाई कागदावर वाकून म्हणाली. "मधी बघ. बसायची जागा. समदं काडलं, तेवढंच ऱ्हायलंय."

मखराच्या आत कागद कोरा होता. गादीचा खळगा होता, लोडावर कुणीतरी टेकल्याची घडी होती. बसलेलं कोणी नव्हतं.

"घिऊन जा."

दोघं दचकले. तात्या बाजेवर उठून बसले होते. डावा हात त्यांनी समोर धरला होता, तळव्याची कड वर करून. ती चकाकत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ओंकारनं विचारलं.

"म्हाजाच हात हाय. मला न्हाई ठावं हुनार?" तात्या रांजणाकडं गेले. राख घेतली, तळवा घासायला लागले. पाठमोरेच बोलले. "दुसऱ्याची बोटं जातील म्हनून मारीत हुतो त्याला. दुसऱ्याची. त्याच्या हाताचं म्या कदी बगितलं न्हाई." त्यांनी आणखी राख घेतली. "ने तू त्यो कागुद. हितून गेला तर थांबंल."

ओंकारनं इतकं बोलायचं ठरवून आणलं होतं. ते सगळं तिथंच ठेवून त्यानं दोन्ही पानं एकात एक गुंडाळली, टोपण घट्ट बसवलं. केशरबाई फाट्यापर्यंत आली. निघताना तिनं पाइपावरून हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

परतीच्या गाडीत खिडकीतून झळा येत होत्या. पाइप मांडीवर, त्यावर दोन्ही हात. करंजी घाट उतरताना त्याला डुलकी लागली ती भिंगारच्या वेशीपर्यंत. इतकी गाढ झोप त्याला संक्रांतीपासून लागली नव्हती.

स्नेहलचं फ्लेक्सचं दुकान भिंगारच्या बाजारात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक छापून ती पोट भरायची आणि त्याच मशिनवर पुस्तक छापायचं होतं. गोरक्षचं पान तिनं टेबलावर पसरलं. हे कुठून आलं, असं तिनं विचारलं नाही. उलट्या रेघा तिलाही वाचता येत होत्या.

"रिकामीच ठेवली जागा त्यानं," ती शेवटी म्हणाली. डोळे पुसून तिनं दिवा ओढला, तिन्ही पानं शेजारी शेजारी लावली. मशाली, पालखी, मागचे भोई. एकच रस्ता, एकच अंधार. गच्चीवर बोलले होते अगदी तसं.

ओंकारचा फोन वाजला. केशरबाई होती.

"तात्या आता दिवेलागणीला परत पडल्यात," ती म्हणाली. आवाज हलका झाला होता. "हात गप हाय बाबा. शांत निजल्यात. सुटलं म्हनायचं त्यांच्या मागचं."

"बरं झालं, मावशी."

त्यानं फोन ठेवला. स्नेहल उजवीकडच्या पानावर वाकली होती, त्याच्या पानावर. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"ओंक्या, तुझी कड बंद करायची ठरली होती ना?"

"केलीये. अंधार भरलाय."

"मग हे काय?"

त्यानं पाहिलं. मागच्या भोयांच्या मागं, त्यानं स्वतः भुकटी चोळून भरलेल्या अंधारात, उजव्या कडेतून दांडीचं एक टोक आत आलं होतं. टोकाखाली एक खांदा. दांडीवर घट्ट धरलेली चार बोटं. मागून दुसरी पालखी येत होती, तिचा पुढचा भोई तेवढा पानात शिरला होता. रेघा ताज्या होत्या, दिव्याखाली चकाकत होत्या. आणि सगळ्या उलट झुकलेल्या.

"पाइप कुणाकडं दिला होतास का वाटेत?"

"नाही… मांडीवरच होता."

"मग पुढचं पान आता कुणाचं?" स्नेहलनं हळूच विचारलं. "नियमानं… कड जिच्या वाट्याला येते, तिनं काढायचं असतं. की ज्याच्या हातून ही निघाली, त्यानं…"

बाहेर बाजार उठत होता, शटर खाली येत होती. ओंकारनं उजव्या हातानं चहाचा कप जवळ ओढला. डावा हात मात्र त्यानं टेबलाखालीच ठेवला, तळव्याची कड पँटीला घासत, आणि स्नेहल कितीदा 'दाखव' म्हणाली तरी वर काढला नाही.