सोडलेल्या माशांची चोरी

सार्थकच्या गळाशेजारी धपकन दगड पडला आणि पाणी थेट त्याच्या चष्म्यावर उडालं.

"कोण आहे?" श्रेयाने मागे वळून विचारलं.

बांधावर एक मुलगी उभी होती. श्रेयाच्याच वयाची, बारा-तेरा वर्षांची. ओढणी कमरेला खोचलेली आणि हातात दुसरा दगड तयार.

"गळ काढा," ती म्हणाली. "हितं मासं धरायचं न्हाईत."

"का? पाणी तू भरून ठेवलंयस का?" श्रेया म्हणाली.

"माझी आज्जी चाळीस वर्सं ह्या पाण्यात जाळं टाकती. तुमी सुट्टीवालं येता, पिल्लं उचलून नेता, आन नाव आमचं खराब व्हतं."

"पिल्लं? आम्हाला सकाळपासून साधा खेकडासुद्धा लागलेला नाही," सार्थक चष्मा पुसत म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि अजून त्याला धड खोटं बोलता यायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मासे धरायला नेतो, असं रविराजमामा दोन वर्षं सांगत होता. मामाचं सांगणं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण या शनिवारी तो खरोखरच श्रेया-सार्थकच्या घरी सांगवीला आला, दोघा भावंडांना बारामतीहून एसटीने इंदापूरला आणि तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून उजनी धरणाच्या काठावरच्या खडकवस्तीला घेऊन आला. इथे त्याचा मित्र बिरदेव राहायचा. पोरांच्या हातात गळ देऊन मामा जो बाभळीखाली आडवा झाला, तो अजून घोरत होता.

"तुझं नाव काय?" श्रेयाने विचारलं.

"प्रगती. पर तुला काय करायचंय?"

दोघींची आणखी जुंपली असती, पण तेवढ्यात एक टेम्पो धुरळा उडवत काठावर आला. त्यातून पांढऱ्या कपड्यांतला एक जाडजूड माणूस उतरला. हा रामहरीशेठ. धरणात मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायचा ठेका त्याच्याकडे होता.

"ए, उठा हितनं. कार्यक्रम हाय," तो खेकसला आणि त्याने सार्थकचा कणकेच्या गोळ्यांचा डबा पायाने उडवला. गोळ्या चिखलात गेल्या. सार्थकचे डोळे भरून आले. श्रेयाला असा राग आला की तिचे कान तापले.

"बघितलंस?" प्रगती हळूच म्हणाली. "आमाला तर हे रोजचंच हाय." आणि तिने हातातला दगड टाकून दिला.

कार्यक्रम दणक्यात झाला. ओढा जिथे धरणाच्या पाण्याला मिळतो त्या खाडीत पाहुण्यांनी ऑक्सिजनच्या फुगीर पिशव्या ओतल्या, फोटो काढले, फेटे सावरले आणि पुन्हा फोटो काढले. मग रामहरीशेठ माईकसमोर उभा राहिला.

"तीन वर्सं मी हितं बीज सोडतोय. पर मासं काय वाढना झाल्यात. का? तर काही लोकं बारीक जाळ्यानं पिल्लंच उचलत्यात." त्याने सरळ बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला प्रगतीची आजी उभी होती, छबूबाई. "उद्या शेजारच्या पिंपरओढा गावात सोसायटीची कमिटी बसणार हाय. ह्या बाईचा होडीचा परवाना काढून घ्यायचा, अशी माझी मागणी हाय."

"ज्यानं डोळ्यानं पायलं त्यानं म्होरं यावं," छबूबाई म्हणाली. कोणीच पुढे आलं नाही. पण तिच्या बाजूनेही कोणी बोललं नाही. लोक खाली बघत चहाकडे वळले.

"परवाना गेला तर काय होईल?" श्रेयाने विचारलं.

"होडी जाईल. मंग मला मावशीकडं धाडणार, उसाच्या टोळीसंगं. शाळा सुटंल." प्रगती हे अगदी सपाट आवाजात म्हणाली. श्रेयाला तिचं मघाचं भांडण एकदम समजलं आणि स्वतःच्या उलट उत्तराची लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर सार्थक पाण्याशी बसून होता. "ताई," तो म्हणाला, "ही पिल्लं घाबरलीयत का? ती त्या काळ्या डब्यांपर्यंत जातात आणि सगळी माघारी येतात."

खाडीच्या तोंडाशी तेलाचे रिकामे डबे एका ओळीत तरंगत होते. पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपाचे असतील, असं सगळ्यांना वाटत होतं. सार्थकने कोणाला न विचारता गळ नेमका तिथे फेकला. गळ अडकला. तिघांनी मिळून ओढला तेव्हा वर आला तो हिरवा, दाट विणीचा फाटका तुकडा.

"हे तर शेडनेट," श्रेया म्हणाली. "आमच्या रोपवाटिकेवर हेच लावतात. ढोबळ्या मिरचीची रोपं असतात त्याच्याखाली."

"मासं धरणारा माणूस असलं कापड पाण्यात घालणार न्हाय," प्रगती म्हणाली. "पाणीच अडतं त्येच्यात. वडताना हात निखळत्याल." ती थांबली. "आन वडायचंच नसंल तर? नुसतं कुंपण घालायचं असंल तर?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

उरलेलं उत्तर त्यांना रामहरीशेठनेच दिलं. तो टेम्पोमागे उभा राहून आपल्या सूरज नावाच्या गड्याला दम भरत होता, आणि ही तिघं बांधाच्या पलीकडे पालथी पडून ऐकत होती. "सकाळी सहाला सगळं परत पिशव्यात भर. अकराला पिंपरओढ्यात सोडायचंय. आन येक जरी पिल्लू मेलं ना, तर तुला त्याच्या जागी सोडतो."

तीच पिल्लं. गावोगाव तीच सोडायची, दर गावाचे पैसे घ्यायचे, आणि मासे वाढत नाहीत म्हणून बोल मात्र छबूबाईला.

श्रेया धावत मामाकडे गेली. तिने ऐकलेलं सगळं सांगितलं आणि त्याचाच मोबाइल घेऊन डब्यांचे फोटोही काढून दाखवले.

"डबे दिसतायत," मामा जांभई देत म्हणाला. "डब्यांनी काय गुन्हा केलाय?"

"जाळं पाण्याखाली आहे, मामा."

"मग पाण्याखालीच राहू दे. आपण पाहुणे आहोत. रामहरीशेठशी बिरदेवची रोजची गाठ आहे. नसत्या भानगडीत नाक खुपसलंत तर आत्ताच्या आत्ता घरी नेईन." त्याने मोबाइल हिसकावून खिशात घातला.

श्रेया परत आली ती दात-ओठ खात. "मोठी माणसं ऐकणार नाहीत. आपणच काहीतरी करायला हवं."

"जाळ्याला खाली वजन लागतं," प्रगती विचार करत म्हणाली. "इटा बांधल्या असत्याल. तेवढ्या सोडल्या की जाळं खालनं उचललं जातं. डबं मातूर वर हाय तसंच. काठावरनं कुणाला काय कळायचं न्हाय."

"आणि तो राखणीला बसलेला सूरज?"

दोघींनी सार्थककडे बघितलं. सार्थकने कपाळावर हात मारला. "मला खोटं बोलता येत नाही, माहितीये ना?"

"खोटं नको बोलूस. नुसते प्रश्न विचार," श्रेया म्हणाली. "घरी विचारतोस तसे."

साडेपाचला ऊन कलतं झालं. सार्थक गळ घेऊन सूरजसमोर जाऊन बसला. गाठ कशी मारायची? मासा झोपतो का? झोपतो तर डोळे कसे मिटतो? पापण्या नसतात तर कचरा गेल्यावर काय करतो? सूरजने आधी हाकललं, मग उत्तरं दिली, मग डोकं धरलं. पण पाण्याकडे पाठ फिरवून गाठ मारून दाखवायला तो बसला, तो बसलाच.

तिकडे प्रगती ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर पोटावर पडून निघाली होती. ट्यूबला बांधलेला दोर श्रेयाने काठावर हाताला गुंडाळून धरला होता. प्रगती बुडी मारायची आणि श्रेया मनात आकडे मोजायची. वीस. पंचवीस. डोकं वर. पुन्हा बुडी. एकदा आकडा चाळीसवर गेला तशी श्रेया उभी राहिली. तिने दोर ओढायला सुरुवात केली तोच प्रगती वर आली, खोकत.

"शेवटची गाठ लई आवळली व्हती," काठाला लागल्यावर ती म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते आणि नखातून रक्त येत होतं. श्रेयाने स्वतःची ओढणी तिला गुंडाळली. दोघी ओणव्या होऊन बघत राहिल्या. आधी दहा-बारा पिल्लं डब्यांच्या पलीकडे दिसली, मग पाण्यावर बारीक खळखळ झाली आणि अख्खी झुंड मोठ्या पाण्यात निघून गेली.

रविवारी सकाळी अख्खी खडकवस्ती रामहरीशेठच्या शिव्यांनी जागी झाली. पिशव्यांत भरायला पिल्लंच नव्हती. आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. अकरा वाजता पिंपरओढ्याच्या मांडवात माईक हातात घेऊन तो गरजत होता.

"रात्री माझ्या टेम्पोतलं बीज चोरीला गेलं. ही छबूबाई आन तिची नात, ह्यांचंच काम. परवाना आत्ताच काढून घ्या."

समोर मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष संभाजीआबा बसले होते, आणि शेजारी जिल्ह्याहून आलेल्या मत्स्य अधिकारी, सुप्रिया मॅडम. आबांनी नाराजीनेच हात पुढे केला. "छबूबाई, कागद द्या."

छबूबाईने पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना काढला. प्रगती रडत नव्हती, पण तिने आजीचं लुगडं घट्ट धरलं होतं.

असं काही होईल, हे श्रेयाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मासे सुटले की रामहरीशेठ उघडा पडेल, एवढाच तिचा हिशेब होता. उलट अडकली होती ती छबूबाई. मामाने तिचा दंड धरला होता. तिने तो सोडवला आणि ती पुढे गेली.

"आबा, मासे कोणी चोरले नाहीत. काल संध्याकाळी आम्ही ते सोडून दिले."

रामहरीशेठचा चेहरा लालबुंद झाला.

"तुमी सोडलं?" तो ओरडला. "म्हंजी माझ्या जाळ्याच्या इटा तुमी सोडल्या? आठ दिस राबून लावलेलं जाळं, कार्ट्यांनो! अजून चार गावं व्हायची व्हती त्या पिल्लांवर!"

माईक त्याच्या हातातच होता. कर्ण्यावरून त्याचा शब्द न् शब्द पिंपरओढ्याच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"कसलं जाळं?" सुप्रिया मॅडमनी शांतपणे विचारलं. "आत्ता तर बीज टेम्पोत होतं म्हणालात."

"न्हाय, म्हंजी..."

"काल खडकवस्तीत बीज धरणात सोडलं, असं तुम्ही सही करून कळवलंय. धरणात सोडलेले मासे तुमच्या जाळ्यात कसे राहिले?"

रामहरीशेठने माईक खाली ठेवला. उशीर झाला होता. आबांनी सूरजकडे नुसतं बघितलं आणि त्या बिचाऱ्याने घडाघडा सगळं सांगून टाकलं: गेल्या वर्षीही असंच, त्याच्या आदल्या वर्षीही असंच.

"बाई, मला अडाणीला येक सांगा," छबूबाई पुढे येत म्हणाली. "मासं पाण्यात सोडायला आणलं व्हतं. पोरींनी पाण्यातच सोडलं. मंग चोर कोण?"

आधी मागच्या रांगेतला एक जण हसला, मग सगळा मांडव. काल खाली बघणारेच आज रामहरीशेठच्या अंगावर धावून गेले, तेव्हा आबांना काठी आपटावी लागली. मॅडमनी तिथल्या तिथे पंचनामा करायला माणसं खडकवस्तीला पाठवली, ठेका थांबवायचं पत्र लिहिलं, आणि मग तिन्ही मुलांना समोर उभं केलं.

"मोठ्या माणसाशिवाय खोल पाण्यात उतरलात, त्याबद्दल आधी बोलणी खा," त्या म्हणाल्या आणि बोलल्याही भरपूर. शेवटी म्हणाल्या, "तीन वर्षं आम्हा कोणाला दिसलं नाही ते तुम्ही एका दिवसात बघितलंत. शाबास."

"सांगायला माझ्याकडं आली होती ही," रविराजमामा मान खाली घालून म्हणाला. "मीच हाकललं."

आबांनी परवाना छबूबाईला दोन्ही हातांनी परत दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि पुन्हा गाठीत बांधला. कोणी माफी मागायला आलं तर ती तोंड फिरवत होती. तिचा राग गेला नव्हता आणि तो लगेच जाणारही नव्हता.

दुपारी तिने तिघांना होडीत बसवून धरणात नेलं. ती वल्ही मारत राहिली. मधोमध आल्यावर तिने तिघांकडे आळीपाळीने रोखून बघितलं.

"तुमी लई आगाऊ पोरं हायसा," ती म्हणाली. "असंच आगाऊ ऱ्हावा."

आणि तिने वल्हं श्रेयाच्या हातात दिलं.