शेवटची गाडी काठाला लागेपर्यंत

ओहोटी लागायला अजून थोडा अवकाश होता. ऑस्बर्ट दारात बसून काठीचं टोक तासत होता. खाडीच्या वाळूतून माणसं पार करून द्यायची, हाच त्याचा धंदा, आणि त्याच्या बापाचाही. पाणी ओसरलं की पलीकडचा काठ तासाभराच्या चालीवर येतो. पण वाट रोज बदलते. पुढं वाटाड्यानं काठी टोचत जायचं, मागून बाकीच्यांनी.

तेवढ्यात फुल्क आला. राजाचा शिपाईगडी, आडदांड. त्याच्यामागं सामानाच्या चाळीस गाड्या होत्या. राजाचे मुकुट, भांडी, सगळं त्यांत.

"आणि राजे?" ऑस्बर्टनं विचारलं.

"लांबच्या कोरड्या वाटेनं गेले. पोटात कळ आहे त्यांच्या."

"लोकांचा तळतळाट लागला असेल," आतून अ‍ॅल्डिथ, त्याची बायको, पुटपुटली.

तिचा राग खोटा नव्हता. या राजानं धर्मगुरूंशी भांडण काढलं, तेव्हा त्यांनी देवळं बंद केली, आणि सहा वर्षं घंटा वाजली नव्हती. तिच्या आईला रस्त्याकडेच्या चरात पुरावं लागलं, प्रार्थनेविना. आता त्याचेच सरदार उलटले होते, आणि राजा आपल्याच मुलखात चोरासारखा पळत होता.

फुल्कनं ते ऐकलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. आत जाऊन त्यानं अ‍ॅल्डिथचं डावं मनगट धरलं आणि तिला पहिल्या गाडीवर बसवलं.

"ही ओलीस. शेवटची गाडी काठाला लागेपर्यंत ही माझ्या ताब्यात."

ऑस्बर्ट काठी घेऊन उठला. या राजानं ओलीस ठेवलेली पोरं एकदा जेवणाआधी फासावर चढवली होती, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं.

"साहेब, नेतो मी. पण एक ऐका. गाड्या शेजारी शेजारी पांगवून न्या. एकाच्या चाकोरीतून दुसऱ्यानं जायचं नाही. वाळू एकदा सोसते, दोनदा नाही."

"पांगल्या तर एखादी पळवाल. राजे स्वतःच्या सरदारांवर भरवसा ठेवत नाहीत, तुमच्यावर ठेवतील? एकामागं एकच जाणार."

पाणी ओसरल्यावर गाड्या निघाल्या, पण ओझ्यानं रखडत, आणि भरतीची वेळ जवळ येत चालली. अर्ध्या वाटेत धुकं आलं. पांढरं, ओलं, शेवाळाच्या वासाचं. मागचे बैल दिसेनात. नुसती चाकांची करकर ऐकू यायची... आणि मग तीही एकेक करून कमी होऊ लागली. कुणी ओरडलं नाही, तेच वाईट. ऑस्बर्ट थांबला. मागं बघतो तर थांबलेल्या पहिल्या गाडीचीही चाकं अर्धी गेली होती. समुद्राकडून भरतीचं पाणी पातळ पदरासारखं सरकत येत होतं.

त्यानं अ‍ॅल्डिथला खाली ओढलं. ती आली, पण तिचा डावा हात येईना. गाडीशेजारून चालणारा फुल्क छातीपर्यंत वाळूत होता आणि तिचं मनगट धरून होता. चेहऱ्यावर भीती नव्हती.

"सोडा, साहेब... बुडेल ती."

"गाड्या काठाला लागल्या की सोडतो," तो शांतपणे म्हणाला.

वाळू त्याच्या हनुवटीवर आली. मग डोळ्यांवर. ऑस्बर्टनं सगळा जीव एकवटून ओढलं. हात निसटला. वाळू मिटली, आणि तिथं काही होतं असं वाटेनासं झालं.

धुक्यातून दोघं माघारी आपल्या काठावर आली. ऑस्बर्ट गवतावर कोसळला. अ‍ॅल्डिथ उभीच होती, डावा हात अंगापासून जरा लांब धरून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्याला सांगा ना... हात सोड म्हणावं."

आठवड्याभरात राजा मेल्याची खबर आली. गावात दारूचं पिंप फुटलं, म्हातारे नाचले. अ‍ॅल्डिथ चुलीपाशी बसून होती. मनगटावर चार बोटांचे आणि अंगठ्याचे वळ, निळे पडलेले. रोज थोडे गडद. झोपेतही तो हात पांघरुणाबाहेर ताठ राही. शेक दिला, पाद्र्याकडून पाणी शिंपडवलं. काही उपयोग झाला नाही.

त्या दुपारी ऑस्बर्टनं टोपी काढली आणि तिच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं.

"साहेब, तुमचा राजा मेला. त्याच्यासाठी कुणी रडलंसुद्धा नाही. गाड्या आता कुणाला हव्यात? सोडा तिला... तुम्हीही जा."

चुलीतलं लाकूड तडतडायचं थांबलं. अ‍ॅल्डिथनं श्वास रोखला, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. निळी बोटं फिकट झाल्यासारखी दिसली.

मग बोटं एकदम घट्ट रुतली. तिचा हात पुढं ताणला गेला, आणि पाय नको नको म्हणत असताना ती दाराकडे एक पाऊल सरकली. ऑस्बर्टनं तिला कमरेशी धरलं. पलीकडून ओढणारा घाई करत नव्हता. बाहेर वाळू उघडी पडत चालली होती.