कुलूपबंद डब्यातला गोंगाट

आठ महिने झाले, धाकट्याने आक्काला एक फोन केला नव्हता.

"मेला की जिवंत आहे, एवढं तरी कळवावं माणसाने," आक्का म्हणाली. "सख्खी बहीण एकच, तीही याच शहरात. पण नाही! साहेबांची बोटं झिजतात."

समोर जावई कागदांना टाचण्या लावत होते. "आई, तुम्हीच करा ना फोन."

"मी मोठी आहे."

विषय संपला.

आक्काची शाळा चौथीत सुटली होती. नवऱ्याने काढलेली खाजगी चौकशीची कचेरी मात्र त्याच्यामागे वीस वर्षं तिनेच चालवली. वाचायचं काम जावयांचं, ओळखायचं तिचं. पाचला जावई आपल्या घरी जात. मग आक्का दोन खोल्यांत एकटीच, घड्याळावर डाफरत बसायची.

त्या दिवशी दारात एक मुलगी आली. खांद्यावर केबलचं वेटोळं, डोळे रडून लाल.

"आक्का तुम्हीच ना? भाऊंनी पत्ता दिला तुमचा. नकाशांच्या कचेरीतले तपासनीस."

भाऊ म्हणजे धाकटाच. सारं जग त्याला भाऊ म्हणे.

"असं का? परक्यांना द्यायला पत्ता तोंडपाठ आहे, आणि बहिणीला फोन करायला नंबर नाही. बस पोरी."

मुलगी तारांचं काम करणारी होती. नकाशांच्या कचेरीतलं नेटवर्क तिने बसवलं होतं. मार्चपासून ते रोज दुपारी तीनला बंद पडे आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होई.

"मालक म्हणतात, पुन्हा पुन्हा बोलावणं यावं म्हणून मीच बिघाड करते. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर काम गेलं. आणि एकदा असं नाव झालं, की दुसऱ्या कचेरीतही कोणी उभं करत नाही, आक्का."

"ते नेटवर्क काय असतं ते आधी मला कळेल असं सांग. जावईबापूंना कळेल असं नको, वेळ जाईल."

जावयांनी टाचणी बोटात टोचून घेतली.

"प्रत्येक कॉम्प्युटरला जन्मापासूनचा एक पत्ता असतो," मुलगी म्हणाली. "सगळ्यांच्या तारा एका डब्यात येतात, त्याला स्विच म्हणतात. या पद्धतीचं नाव इथरनेट. आलेल्या निरोपावरचा पत्ता बघायचा आणि तो नेमक्या दारातून बाहेर सोडायचा, हे डब्याचं काम. कोणाचं दार कुठलं, ते तो ऐकून ऐकून शिकतो."

"आणि पत्ता ठाऊक नसला तर?"

"सगळ्या दारांतून ओरडतो. काही निरोप तर मुळात सगळ्यांसाठीच असतात."

"म्हणजे भरल्या घरात बाईने नुसतं 'अहो' म्हणावं, आणि सात नवरे वळून बघावेत."

मुलगी पहिल्यांदा हसली. "अगदी तसंच! आता समजा, एकाच तारेची दोन्ही टोकं त्याच डब्यात लागली. मग 'अहो' एका दारातून बाहेर पडतं आणि दुसऱ्यातून आत येतं. डब्याला वाटतं, नवीनच हाक आली. तो पुन्हा ओरडतो. असा गोंगाट माजतो की खरा निरोप कोणाला ऐकूच जात नाही. एकदा मी लवकर पोचले, तेव्हा डब्याचे सगळे दिवे एकदम थयथयाट करत होते. तेच लक्षण. पण बघता बघता शांत झाले."

"मग झालं की. कोणीतरी तार लावतं."

"कसं लावेल? डबा कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ल्या दोनच, एक मालकांकडे आणि एक माझ्याकडे. शिवाय दारावर मी चिकटपट्टी लावून सही केलीय. ती तशीच असते."

आक्काने केबलचं टोक हातात घेतलं. पारदर्शक पिन, तिच्यावर इवलीशी प्लास्टिकची जिभली.

"ही दाबली की पिन निघते," मुलगी म्हणाली. "सारखी काढघाल केली तर जिभली तुटते. मग पिन सैल बसते."

आक्का उठली. "जावईबापू, छत्री घ्या."

"ऊन आहे, आई."

"म्हणूनच."

* * *

कचेरी लांबट होती. पुढे मालकांची काचेची खोली, मध्ये नकाशे काढणाऱ्या आरेखकांची टेबलं, मग अंधारा बोळ. बोळात ते कपाट, आणि बोळाच्या टोकाला, सगळ्यांपासून दूर, धाकट्याची खोली.

मालकांनी आक्काला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कॉम्प्युटरचा तपास करणार?"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, मालक. मी माणसांचा करते. किल्ली कुठे असते?"

"माझ्या गळ्यात. पोरीला काढायचंच असतं तर मला बहाणा कशाला लागेल?"

आरेखक बाई रोखठोक होत्या. "मला ही यंत्रं आवडत नाहीत, लिहून घ्या! हाताने काढलेल्या नदीला वळण असतं. पण बंद पडलं की मलाच त्रास. नकाशा छापायचा, हातात धरायचा आणि बोळातून भाऊंकडे तपासायला न्यायचा. सगळेच जातो."

"कधी बंद पडलंच नाही, असं झालं?"

"गेल्या महिन्यात एक आठवडा. काय सुखाचं काम झालं!"

जावयांनी वहीत 'यंत्रं आवडत नाहीत' हे दोनदा अधोरेखित केलं.

धाकटा खुर्चीत बसून होता. वाळला होता. आक्काला बघून अर्धवट उठला, परत बसला.

"ये आक्का."

"आलेय. बोलावलं म्हणून नाही, काम आहे म्हणून. किती खराब झालास!"

"गेल्या महिन्यात खोकल्याने आठवडाभर घरी पडून होतो."

"कळवलंस?"

त्याने पडद्याकडे तोंड वळवलं.

खोली दोघांसाठी केलेली होती. दुसरे तपासनीस फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले आणि त्यांचं टेबल उचललं गेलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग राहिले होते. भिंतीत तारांची दोन सॉकेट होती. एकातून धाकट्याच्या कॉम्प्युटरला केबल आली होती, दुसरं मोकळं. खिडकीत सहा कप धुऊन पालथे घातलेले.

"आता नकाशे इथेच येतात, पडद्यावर," धाकटा म्हणाला. "चूक दिसली की खूण करायची आणि परत पाठवायचा. कोणाला यावं लागत नाही."

आक्का वळली तशी तिची छत्री टेबलाला लागली आणि कॉम्प्युटरमागची केबल सुटून लोंबली. धाकट्याने तिच्याकडे बघत बघतच एका हाताने ती परत बसवली.

"तुला यातलं कळतं का रे काही?"

"छे. मला नुसती खूण करता येते."

आक्काने मोकळ्या सॉकेटवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. बाहेर बोळातल्या तसल्याच मोकळ्या सॉकेटवरून फिरवलं. बोट काळं झालं.

रस्त्यावर जावई उत्साहाने म्हणाले, "आई, आरेखक बाई! उघड आहे."

आक्काने छत्री उघडली. त्या संध्याकाळी तिने जावयांना चारलाच घरी पाठवलं आणि दिवा न लावता बसून राहिली.

* * *

शुक्रवारी अडीच वाजताच आक्का धाकट्याच्या खोलीत जाऊन बसली. धाकटा पडद्याकडे बघत होता, आक्का फरशीवरच्या चार डागांकडे. तीन वाजून गेले. बाहेर हसण्याचे आवाज येत. ते बोळापर्यंत येऊन थांबत.

सव्वातीनला तिने जावयांकरवी सगळ्यांना बोलावलं.

"आज नेटवर्क बंद पडलं का?"

"नाही," मालक म्हणाले.

"मार्चपासून पहिल्यांदा. नाही, दुसऱ्यांदा. गेल्या महिन्यातला तो सुखाचा आठवडाही होता. पोरी, तू डबा कुलपात घातलास आणि त्याच्या तोंडाशी राखण करत बसलीस. पण डब्याच्या तारा जातात कुठे?"

"भिंतीतल्या सॉकेटपर्यंत..." मुलीने तोंडावर हात ठेवला. "भिंत! दोन सॉकेट एकाच केबलने जोडली, तरी घेर पुरा होतो!"

"दोन सॉकेट शेजारी शेजारी कुठे आहेत?"

सगळे त्याच खोलीत उभे होते.

"मोकळ्या सॉकेटवर धूळ बसते. बोळातल्यावर आहे, या एकावर नाही. ती केबल कॉम्प्युटरकडच्या टोकाला बघ, जावईबापूंना काही समजायच्या आत."

मुलीने वाकून पाहिलं. "जिभली तुटलीय."

"न बघता पिन बसवणाऱ्या हाताला सवय असते. रोज तीनला ही पिन कॉम्प्युटरमधून निघते आणि मोकळ्या सॉकेटमध्ये जाते. अर्ध्या तासाने परत. तू धावत येतेस तेव्हा सगळं जिथल्या तिथे. आठवडाभर हा खोकत घरी होता, तेवढाच आठवडा नेटवर्क नीट चाललं. आज मी येऊन बसले, तर गरजच पडली नाही."

"पण कशासाठी?" मालकांना राग यायच्या आधी आश्चर्यच वाटलं.

"एकट्या माणसाकडे सहा कप कशाला असतात, मालक? नेटवर्क बंद पडलं की तुमची माणसं नकाशे घेऊन बोळातून चालत येतात. चहा होतो. अर्धा तास याला कोणीतरी 'भाऊ' म्हणून हाक मारतं."

आरेखक बाईंनी मान खाली घातली. जावई हळूच म्हणाले, "आई, भाऊ आहे तुमचा. मला वाटलं होतं तुम्ही..."

"झाकीन? आणि या पोरीचं नाव बुडवू?"

धाकटा उभा राहिला. त्याने मुलीसमोर हात जोडले. "तुझं काम जाईल असं वाटलं नव्हतं गं. कळलं तेव्हा बोलायचं धैर्य झालं नाही. म्हणून हिचा पत्ता दिला. ही शोधून काढणार, हे ठाऊक होतं."

मालकांनी घसा साफ केला. "पोरी, काम तुझंच. मी बोललो ते मागे घेतो. भाऊंचं सोमवारी बघू."

"सरळ मला फोन करता येत नव्हता?" आक्काने विचारलं.

"शेवटचा केला तेव्हा तू म्हणालीस, काम असेल तर बोल, नाहीतर ठेव. माझ्याकडे काम नव्हतं, आक्का. मग ठेवला."

आक्काला ते आठवलं. दुपार होती, ती जेवायला बसत होती, आणि ताटात एकटीपुरतंच वाढलेलं होतं. तिने पदर सारखा केला आणि मान ताठ केली.

"दोषी तूच, धाकट्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मालक देतील ती शिक्षा भोग. मी मध्ये एक शब्द टाकणार नाही. माझाही निम्मा दोष आहे, पण तो मी या परक्या माणसांसमोर कबूल करायची नाही. चप्पल घाल, घरी चल. तिथे करते."