स्वयंपाकघरातली हजेरी

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. खरं आहे म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

हे माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या घरात घडलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. जे घडलं ते ती अजून भोगतेय, आणि आम्हा कुणालाच काही करता येत नाही, याचाच जास्त संताप येतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकतीच पडायला लागली होती. मंगळवारची संध्याकाळ. तिसऱ्या मजल्यावरचं छोटंसं घर. बाहेरच्या खोलीत आत्या खुर्चीत बसलेली, आणि मधल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

त्या घराची एक रीत आधी सांगायला हवी.

ताईचे वडील, म्हणजे आमचे आतोबा, अग्निशमन दलात होते. जन्मभर लोकांची पेटलेली स्वयंपाकघरं विझवली. त्यामुळे घरात त्यांचा एकच कायदा. वापरून झालं की प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालायचं नाही. प्लग भिंतीतून बाहेर, वायर गुंडाळून ठेवलेली. वीजही वाचते आणि जीवही वाचतो, असं ते म्हणायचे.

स्वयंपाकघर आवरलं की ते बाहेरच्या खोलीतून हजेरी घ्यायचे.

"मिक्सर?"

आत जो कुणी असेल त्याने ओरडायचं, "काढला."

"टोस्टर?"

"काढला."

"किटली?"

"काढली."

फ्रिजला तेवढी कायमची सुट्टी. यावरून आम्ही मुलं त्यांची भरपूर चेष्टा करायचो. पण एकदा उत्तर आलं, की पुन्हा आत जाऊन बघायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा होता. ते सांगायचे, धुरात आपला माणूस डोळ्यांना दिसत नाही. त्याचा आवाज आला की तो आहे असं धरायचं. आवाजावर विश्वास नसेल तर हजेरी घेऊच नये.

आतोबा गेले. हजेरी राहिली. आत्याचे गुडघे धरलेले, तिला सारखं उठबस करणं जमत नाही. ती खुर्चीतूनच विचारायची आणि ताई आतून उत्तर द्यायची.

ताई चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का, असं दिवसभर लोकांना विचारून घरी येते. त्या मंगळवारी घरी आली, टोस्टरमध्ये पाव भाजले, दोघींनी खाल्ले. मग भांडी घासून ती अंघोळीला गेली.

बाहेर आली तर...

जळका वास.

टोस्टर लालभडक झालेला. आत पावाचा तुकडासुद्धा नाही. खिडकीचा पडदा त्याच्यावर टेकून तपकिरी पडत चाललेला.

ताईने प्लग ओढला, पडद्यावर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन आईवर ओरडली. प्लग लावलाच कशाला? आत्या म्हणाली, मी खुर्चीतून हललेलीसुद्धा नाही. मी हजेरी घेतली. तूच तर आतून म्हणालीस, काढला म्हणून.

"आई, मी बाथरूममध्ये होते."

"मग मला काय वेड लागलंय?"

ताईने विषय सोडला. थकली असेल, डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. आपणही अशीच समजूत घालतो ना स्वतःची.

पण ते तिथे थांबलं नाही.

एकदा मिक्सर रिकामाच फिरत होता. एकदा किटली पाण्याशिवाय तापून तिचा तळ निळा पडला. तेव्हा तर ताई दुकानात होती. आत्याचं म्हणणं, दुपारी डोळा लागला होता, जाग आली तर आत भांड्यांचा आवाज येत होता. तिला वाटलं ताई लवकर आली. तिने हजेरी घेतली. ताईने सगळी उत्तरं नीट दिली.

"मी दुकानात होते गं," ताई दात-ओठ खात म्हणाली. "दुकानात. गिऱ्हाईक बसलं होतं समोर."

ताईने मग वायरी गुंडाळून त्यांना घट्ट रबरबँड लावले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर किटलीचा प्लग भिंतीत, आणि रबरबँड काढून ओट्यावर ठेवलेले...

एका ओळीत. नीट मांडून.

आत्याच्या बोटांना संधिवात. तिला साधं बाटलीचं झाकण उघडत नाही. हे ताईला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण माणूस चिडला की त्याला डोळ्यांसमोरचं दिसत नाही. तिने किटली आणि टोस्टर कपाटात टाकून कुलूप लावलं. त्यावर आत्या दोन दिवस जेवली नाही. स्वतःच्या घरात स्वतःचा चहा करायची चोरी, असं म्हणत भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी ताईनेच कुलूप काढलं.

मग दादा मधे पडला. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. वेगळा राहतो, लांबून सल्ले देतो. त्याने आईसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवला. आईचं आता काही खरं नाही, एक दिवस घर पेटवेल आणि दोघी जाल, असं तो रोज फोनवर ऐकवायचा. ताईचा हट्ट एकच होता. आईला या घरातून हलवायचं नाही. पण तिची बाजूच लंगडी पडत चालली होती. तिने आत्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली. आत्याने सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांची चुकलेली तारीखही सुधारून दिली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही.

काही झालेलं नाही, तर मग प्लग लावतंय कोण? ताईचं डोकं फुटायची वेळ आली. इकडे आड, तिकडे विहीर. आईवर विश्वास ठेवावा तर घर जळणार, न ठेवावा तर आई जाणार.

मग ती दुपार आली.

दुकानातलं तपासणीचं मशीन बिघडलं म्हणून मालकाने ताईला लवकर सोडलं. ती जिना चढून दारापाशी आली. किल्ली काढायला पिशवीत हात घातला...

आतून आईचा आवाज आला.

"मिक्सर?"

ताईचा हात पिशवीतच राहिला. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई कुणाला विचारतेय?

"काढला."

आवाज स्वयंपाकघरातून आला होता.

ताईचा स्वतःचा आवाज.

"टोस्टर?"

"काढला."

"किटली?"

जरासा वेळ गेला. मग...

"काढली गं. किती वेळा विचारशील?"

ताई मला म्हणाली, आवाज माझा होता याची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. मी आईशी इतकी तुसडेपणाने बोलते, हे मला तिथे दारात उभं राहून कळलं.

तिने दार उघडलं. आत्याने दारातल्या लेकीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पुन्हा लेकीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

ताई धावत आत गेली.

कुणी नाही. खिडकी आतून बंद. किटलीचा प्लग भिंतीत, तिच्यावरचा दिवा चालू, आणि कोरडा तळ तडतडत होता.

तिने प्लग उपसला आणि बाहेर येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. इतके दिवस म्हातारी खरं बोलत होती. आत्याने तिच्या केसांतून हात फिरवला.

त्या दिवसापासून हजेरी बंद. प्लग काढल्यावर ताई तो हाताने चाचपून बघायची. दिवसभर आत्याजवळ बसायला शेजारच्या काकू येऊ लागल्या. दादाला खरं सांगायची सोय नव्हती, त्याने दोघींना मिळून वेड्यात काढलं असतं. ताईने सगळं स्वतःवर घेतलं. मीच विसरत होते, आईला कुठेही पाठवायचं नाही, असं तिने त्याला स्पष्ट सांगितलं. दादा चिडला, बोल बोल बोलला. ताईने खाली मान घालून ऐकून घेतलं. आई घरात राहतेय ना, मग बाकी काय असेल ते असो.

बरेच दिवस काही झालं नाही. किटली गप्प, मिक्सर गप्प.

आणि एका रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन दारात हजर.

"आईची बॅग भरलीस ना?"

ताईला काही कळेना. तिने विचारलं, कसली बॅग?

"आता हे काय नाटक? बुधवारी दुपारी तूच तर फोनवर म्हणालीस, मला आता झेपत नाही, रविवारी येऊन आईला घेऊन जा."

बुधवारी ताई फोन घरीच विसरली होती. स्वयंपाकघरात, ओट्यावर, चार्जिंगला लावलेला. काकू तेव्हा बाहेरच्या खोलीत पेंगणाऱ्या आत्याजवळ विणत बसल्या होत्या. आतमध्ये कुणीही नव्हतं.

दादाने आपला फोन काढून तिच्यापुढे धरला. बुधवारचा कॉल दिसत होता. चांगला लांबलचक. म्हणे, तू रडत होतीस. आईचा कंटाळा आलाय म्हणालीस. तिला सांगू नकोस, ऐन वेळी ने, असंही तूच म्हणालीस.

ताई मागे वळली. आत्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

"तू म्हणालीस असं?"

"नाही गं आई. मी नाही म्हणाले. तुला माहितीये ना ते काय आहे? तू ऐकलंयस ना?"

आत्याने डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "तेसुद्धा असंच बोलतं गं. अगदी असंच. आता खरी कोण बोलतेय, ते मला कळत नाही."

आणि ती दादाबरोबर गेली. कुणी ओढून नेलं नाही. स्वतः उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी एक एक पायरी उतरली, आणि गाडीत बसली. ताई जिन्यातून हाका मारत होती. आत्याने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

आता आत्या वृद्धाश्रमात आहे. फोनवर ती ताईशी बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने तसं सांगून टाकलं, तेव्हापासून ताईने फोन करणं सोडून दिलं. ती दर रविवारी जाते, समोर बसते, आणि आत्या तिच्या ओठांकडे बघत बघत ऐकते. तेवढंच दोघींचं उरलंय.

गेल्या रविवारी ताई निघताना तिथली नर्स तिच्याशी कौतुकाने बोलायला आली.

"आजी फोन घेत नाहीत, तरी तुम्ही कंटाळत नाही हो. रोज दुपारी न चुकता फोन करता. आजी जेवल्या का, औषध घेतलं का... आणि खोलीतल्या हीटरचा प्लग काढला का."

ताईने विचारलं, मग तुम्ही काय सांगता?

नर्स म्हणाली, "मी कशाला सांगू? तुम्हीच तर म्हणता, राहू दे लावलेला, आईला थंडी वाजते."

ताई तशीच मागे पळाली. हीटर चालू होता, आणि पलंगावरची चादर त्याला टेकलेली.

हीटर त्यांनी आता त्या खोलीतून हलवला आहे. माझा फोन आला तर काही ऐकू नका, असं ताईने तिथे सगळ्यांना बजावलंय. ते मान डोलावतात आणि तिच्याकडे विचित्र नजरेने बघतात.

हे तिने मला परवा समोर बसून सांगितलं. त्यानंतर तिचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही.