पट्टी काढा

"भंगार? माझ्या लॅपटॉपला भंगार म्हणाला तो!"

हे ती कोणाला उद्देशून बोलली नव्हती. दुरुस्तीच्या दुकानातून तणतणत बाहेर पडली होती, लॅपटॉप लेकरासारखा छातीशी धरून. शेजारच्या ग्रंथालयाच्या दारावर कागद लावणारा माणूस मध्ये आला, इतकंच. त्याच्या ओठांत चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यामुळे त्याला बोलताही येईना.

"हसताय काय?"

त्याने पट्टी काढली. "हसत नाही. हेच तर लिहिलंय." कागदावर होतं – जुना लॅपटॉप टाकू नका. दर शनिवारी, दहा ते एक. मोफत.

तो ग्रंथालयातले संगणक सांभाळायचा. ती मुद्रितशोधक; पुस्तकांतल्या चुका काढायची, आणि आई म्हणायची तसं, माणसांतल्याही. तिचं सगळं काम या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर. एकही कळ निखळली नव्हती, तरी कंपनीने अपडेट देणं बंद करून त्याची साथ सोडली होती.

"धडधाकट आहे हो तो! याला मेलेला ठरवणारे हे कोण?"

"कोणी नाहीत. त्यांची सिस्टीम काढून लिनक्स नावाची दुसरी टाकू. फुकट असतं."

"फुकट? मग खोट असणारच."

"आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा... पसंत पडलं तरच ठेवा."

शनिवारी तिने ते चालवून बघितलं. पसंत पडलं. मग त्याने तीनदा विचारलं, फायली दुसरीकडे उतरवून घेतल्यात ना?

"तीनदा काय विचारता? मी कुकुलं बाळ आहे?"

"पुसलेलं परत येत नाही," तो म्हणाला, आणि टेबलाच्या कडेला आलेला तिचा चहा न बघताच आत सरकवला. ते तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

एक वाजायच्या आत लॅपटॉप नव्यासारखा पळायला लागला.

आठवडाभर ती चूक शोधत होती. मराठी टायपिंग ठीक. प्रिंटर ठीक. आवाज ठीक. शुक्रवारी मात्र तिचं डोकंच फिरलं. इतकं नीट करायची काय गरज होती या माणसाला? काहीतरी ठेवायचं ना बाकी!

लॅपटॉपच्या कडेला वायफायचं चिमुकलं बटण होतं. तिने ते नखाने सरकवलं.

"तुमचं ते फुकटचं... इंटरनेट गेलं!" शनिवारी तिने टेबलावर लॅपटॉप आदळला. त्याने बटण सरकवलं. आलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याने बटणावरून अंगठा फिरवला. "फारच घट्ट आहे हो हे. आपोआप कसं सरकतं..."

"म्हणजे मी मुद्दाम करते?"

"मी कुठे म्हटलं?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या!" पण कान लाल झाले ते तिचेच.

तिसऱ्या शनिवारी त्याने बटण सरकवलं, त्यावर चिकटपट्टी लावली, कडा नखाने घट्ट दाबल्या. "आता नाही बंद पडणार."

"आभारी आहे," ती म्हणाली आणि ताडताड बाहेर पडली. पट्टी लावतो! एवढा कंटाळा आला होता तर तोंडाने सांगायचं! कोपऱ्यापर्यंत गेली... थांबली... आणि तशीच उलटी वळली.

तो वायर गुंडाळत होता. "काही विसरलात का?"

"पट्टी काढा."

"का?"

"काढा म्हणते ना!"

"अहो, पण मग परत बंद पडेल—"

"पडू दे! नाहीतर पुढच्या शनिवारी मी काय सांगून येऊ?"

वाचणाऱ्या एका आजोबांनी पेपर हळूच खाली घेतला.

त्याच्या हातातली वायर सुटली. "पट्टी... त्याचसाठी लावली. म्हटलं, एकदा तरी तक्रार नसताना येता का बघावं."

"मग हे सांगायला काय झालं होतं? तीन शनिवार गेले माझे!"

"तुम्ही बोलू कुठे देता?"

"बोला मग," ती फणकारली, खुर्ची ओढून बसली, आणि लॅपटॉप मुद्दाम टेबलाच्या अगदी कडेला ठेवला.

तिच्याकडे बघत, लॅपटॉपकडे न बघताच, त्याने तो आत सरकवला.